फॅन्टसीतील जादूला नियम असावेत का?

फॅन्टसी कथांमधील जादूने ठरावीक नियम पाळलेच पाहिजेत का, असे आपण विचारले आहे. ज्या जादूने पात्र संकटातून सुटते, तिचे नियम हवेतच, असे माझे मत आहे. शिवाय हे नियम संकट येण्यापूर्वीच वाचकाला ठाऊक असले पाहिजेत.

कर्णाच्या वासवी शक्तीचेच पाहा. कवचकुंडलांच्या बदल्यात ती देताना इंद्राने अट घातली होती की ती एकदाच सोडता येईल आणि नंतर त्याच्याकडेच परत जाईल. कर्णाने ती अर्जुनासाठी जपून ठेवली; परंतु चौदाव्या दिवसाच्या रात्रयुद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली, आपल्याच लोकांनी आकांत मांडला आणि ती त्याला तिथेच खर्ची घालावी लागली. घटोत्कच पडल्यावर पांडव शोक करतात, कृष्ण मात्र आनंदाने नाचू लागतो. ती अट आपल्याला आधीपासून माहीत नसती, तर हे नाचणे निव्वळ क्रूर वाटले असते.

याउलट, हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात (१९९९) काळात मागे नेणारे यंत्र येते आणि पुढचा प्रत्येक मृत्यू त्याने का टाळता येऊ नये, हा प्रश्न उभा राहतो. पाचव्या भागात (२००३) जादू मंत्रालयातील झटापटीत ती यंत्रे फुटतात. मला ही सारवासारव वाटते.

मात्र नियम म्हणजे जादूची कार्यपद्धती समजावून सांगणे नव्हे. हल्लीच्या काही जाडजूड कादंबऱ्या त्या नादात पाठ्यपुस्तकासारख्या होतात. आदित्यराणूबाईच्या, म्हणजे सूर्याच्या व्रताच्या कहाणीत ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको’ एवढेच बजावलेले असते. राणी कहाणी ऐकायला वेळ नाही म्हणते आणि तिला दारिद्र्य येते. पुढे तिच्या मुलाला मावशी कोहळा पोखरून, त्यात होन-मोहोरा भरून देते, तर वाटेत सूर्यनारायण माळ्याच्या वेषात येऊन तो काढून घेतो. दुसऱ्या मुलाला मिळालेल्या पोकळ काठीचीही तीच गत होते. देवाला हे कसे कळते, असे कहाणी ऐकणारे कोणी विचारत नाही, कारण राणी वसा घेईपर्यंत त्या घरात काहीही टिकणार नाही, हे त्यांना पहिल्या कोहळ्यापाशीच उमगलेले असते.