अमेरिकेत आहारतज्ज्ञ व्हायचंय : प्रोव्हिजनल लायसन्स नेमकं कधी मिळतं?

प्रश्न : मी भारतात फूड सायन्स अँड न्यूट्रिशनमध्ये एम.एस्सी. केलं. शेवटच्या सत्रात तीन महिने एका रुग्णालयाच्या आहार विभागात इंटर्नशिप केली आणि पुढे तिथंच डाएटिशियन म्हणून नोकरीही केली. लग्नानंतर नुकतीच नॉर्थ कॅरोलायनात आले आहे, सध्या एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर, आहे. इथल्या नियमांत ‘प्रोव्हिजनल लायसन्स’ असा एक प्रकार दिसला. गाडीचं आधी लर्निंग लायसन्स काढतात, तसं हे काढून लगेच कामाला लागता येईल का? परीक्षा मग सावकाश देईन. माझी इंटर्नशिप धरतील का? तोवर लोकांना ऑनलाइन डाएट प्लॅन देऊ का? घरचे म्हणतात, हे सगळं सोड आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. (नाव छापू नये.)

उत्तर : सगळ्यात आधी लर्निंग लायसन्सची तुलना डोक्यातून काढून टाका. लर्निंग लायसन्स शिकायला सुरुवात करण्यासाठी असतं. हे प्रोव्हिजनल लायसन्स शिकून झालेल्या माणसासाठी आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात ते जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी देता येतं. ते कोणाला? तर ज्याचं शिक्षण पूर्ण झालंय, देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम पूर्ण झालंय आणि परीक्षेचा अर्जही भरून झालाय त्याला. शिवाय त्या काळात राज्याचं पक्कं लायसन्स असलेल्या व्यक्तीच्या हाताखालीच काम करावं लागतं. थोडक्यात, इंटर्नशिप संपल्यापासून परीक्षा पास होईपर्यंतचे महिने फुकट जाऊ नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. आज अर्ज केलात तर तुमच्याकडे ‘परीक्षेला पात्र’ असल्याचा कागदच नाही, त्यामुळे तो परत येईल. फी गेली ती गेलीच.

तेव्हा त्या फॉर्मवरून उलटं मोजत मागे यायचं. परीक्षा कोण घेतं, तिला बसू कोण देतं आणि त्यासाठी आधी काय लागतं?

लायसन्स राज्याचं बोर्ड देतं, पण परीक्षा बोर्डाची नाही. ती घेतं कमिशन ऑन डाएटेटिक रजिस्ट्रेशन, म्हणजे सीडीआर. ही परीक्षा पास झालेला माणूस ‘रजिस्टर्ड डाएटिशियन न्यूट्रिशनिस्ट’, बोलीभाषेत आरडी. आणि परीक्षेला बसायचं तर शिक्षण व इंटर्नशिप दोन्ही ‘एसेंड’ या संस्थेची मान्यता असलेल्या कार्यक्रमातून झालेली असावी लागते. इथंच भारतातून आलेल्या मुली अडकतात. तुमची इंटर्नशिप चांगली झाली असेल, तुम्ही तिथं डायलिसिसच्या पेशंटचे आहार लावले असतील, त्याबद्दल मला शंका नाही. पण ते रुग्णालय एसेंडच्या चौकटीत नव्हतं. त्यामुळे ते तीन महिने जसेच्या तसे धरले जाणार नाहीत.

आता तुमच्या बाजूची एक गोष्ट. १ जानेवारी २०२४ पासून सीडीआरच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली आहे. पूर्वी पदवी पुरायची. त्यामुळे आता इथल्याच मुलींना मास्टर्सचा खर्च अंगावर घ्यावा लागतो, आणि तुमच्याकडे एम.एस्सी. आधीच आहे. ती अमेरिकन मास्टर्सच्या तोडीची आहे हे मूल्यमापनात सिद्ध व्हायला हवं, एवढंच. हे काम वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या, म्हणजे डब्ल्यूईएससारख्या, मान्य संस्था करतात. अर्ज भरताना ‘कोर्स-बाय-कोर्स’ हाच प्रकार निवडा. नुसतं ‘ही पदवी मास्टर्सच्या समकक्ष’ असं सांगणारा अहवाल स्वस्त पडतो, पण पुढे त्याचा उपयोग होत नाही. बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्हींच्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार अधिकृत गुणपत्रिका, विद्यापीठाकडून मागवा. त्याच वेळी एक काम आणखी करून घ्या : प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह. विद्यापीठं दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतात आणि जुना शोधायला कोणाला वेळ नसतो. तुमची ओळखीची मॅडम अजून त्या विभागात आहे तोवर हे उरकून घ्या.

मूल्यमापनाचा अहवाल हातात आला की तो घेऊन ‘डिडॅक्टिक प्रोग्रॅम इन डाएटेटिक्स’, म्हणजे डीपीडी, चालवणाऱ्या विद्यापीठाच्या संचालकांकडे जायचं. ते तुमचे विषय त्यांच्या यादीशी ताडून पाहतात आणि उरलेले कोणते करायचे ते सांगतात. उपचारात्मक आहार, अन्नसेवा व्यवस्थापन, समुपदेशन अशा विषयांत आपल्याकडच्या मुलींना बहुतेकदा काही ना काही करावंच लागतं. कोणाला दोन विषय सांगतात, कोणाला सात, आणि ते विद्यापीठागणिक बदलतं. म्हणून एकाच ठिकाणी विचारून थांबू नका. तीन-चार संचालकांना ईमेल करा, अहवाल जोडा, आणि ‘किती क्रेडिट, किती फी, ऑनलाइन होईल का’ हे स्पष्ट विचारा. एच-४वर शिकायला परवानगी असते, त्यामुळे इथं व्हिसा आडवा येत नाही.

हे विषय पूर्ण झाले की संचालक ‘व्हेरिफिकेशन स्टेटमेंट’ देतात. एका पानाचा कागद असतो. वर तुमचं नाव, कार्यक्रमाचं नाव, पूर्ण झाल्याची तारीख आणि खाली संचालकांची सही. दिसायला शाळेच्या बोनाफाइडसारखा साधा, पण अख्ख्या प्रवासातला सगळ्यात महाग कागद हाच. इंटर्नशिपला तो लागतो, पुढेही वेळोवेळी लागतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का, लग्नानंतरचं आडनाव घातलंय की माहेरचं, हे सही होण्यापूर्वी पाहा. ट्रान्सक्रिप्टवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि परीक्षेच्या अर्जावर तिसरं, यात लोकांचे महिने गेलेत.

मग येते इंटर्नशिप, आणि खरी दमछाक इथं होते. देखरेखीखालचे किमान १००० तास. बहुतेक ठिकाणी पगार नाही, उलट फी भरायची. हे तास एकाच रुग्णालयात पूर्ण होत नाहीत. काही आठवडे वॉर्डात, काही शाळेच्या दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात, काही सार्वजनिक आरोग्याच्या केंद्रात. त्यामुळे एक अगदी व्यवहाराची गोष्ट सांगते : आधी गाडी शिका. सकाळी सहाला किचनमध्ये हजर व्हायचं असतं आणि तुमच्या राज्यात मोठी शहरं सोडली तर बसच्या भरवशावर ते जमत नाही. नवऱ्याची गाडी, नवऱ्याची वेळ यावर हजार तास निघणार नाहीत.

डिस्टन्स इंटर्नशिप नावाचा प्रकारही आहे. त्यात विद्यापीठ दूरच्या राज्यात असतं आणि काम तुम्ही राहता त्या गावात. ऐकायला छान वाटतं. मात्र अनेकदा शिकवणारे आहारतज्ज्ञ, म्हणजे प्रिसेप्टर, तुमचे तुम्हालाच शोधावे लागतात. ओळखपाळख नसलेल्या नव्या देशात हे अवघड आहे, अशक्य नाही. त्यासाठी आतापासूनच एखाद्या रुग्णालयात किंवा फूड बँकेत स्वयंसेवक म्हणून जायला लागा. काम किरकोळ असेल, ट्रे लावण्याचं असेल. पण तिथली आहारतज्ज्ञ तुम्हाला चेहऱ्यानं ओळखायला लागेल, आणि प्रिसेप्टर मिळतात ते असेच.

तुमची भारतातली इंटर्नशिप आणि नोकरी अगदीच वाया जाईल असं नाही. काही कार्यक्रम पूर्वानुभव तपासून काही तासांची सूट देतात. त्यासाठी ‘तीन महिने इंटर्न होत्या’ एवढं पत्र पुरत नाही. कोणत्या वॉर्डात, किती तास, कोणत्या प्रकारचे पेशंट, वर कोणाची देखरेख, हे सगळं लिहिलेलं पत्र रुग्णालयाच्या लेटरहेडवर मागवा.

परीक्षेबद्दल फार घाबरू नका, पण एक सापळा सांगून ठेवते. ती संगणकावर होते आणि प्रश्नांची संख्या १२५ ते १४५ असते. त्यातले २५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. आपल्या मुली बायोकेमिस्ट्री आणि उपचारात्मक आहार रात्रंदिवस वाचतात आणि व्यवस्थापन व अन्नसेवेत मार खातात. त्या दोन भागांचं वजन जवळजवळ एक तृतीयांश आहे. पेशंटचं वजन पौंडात देतील आणि किलोमध्ये हिशेब मागतील. कोंबडी १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत शिजायला हवी, ४१ ते १३५ हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा, हे सेल्सिअसमध्ये विचार करणाऱ्या डोक्याला आपोआप आठवत नाही. इंटर्नशिपच्या किचनमध्ये थर्मामीटर हातात असतो तेव्हाच हे आकडे बसवून घ्या.

आणि आता कुठे आपण तुमच्या प्रोव्हिजनल लायसन्सपाशी आलो! इंटर्नशिप संपली, परीक्षेचा अर्ज गेला, एखाद्या रुग्णालयानं ‘आरडी-एलिजिबल (आरडीच्या परीक्षेला पात्र) चालेल’ अशी जाहिरात दिलीय, तिथली लायसन्सधारक आहारतज्ज्ञ तुमची देखरेख करायला तयार आहे. त्या दिवशी हा अर्ज कामाचा. तो भरण्यापूर्वी बोर्डाला ईमेलनं दोन गोष्टी विचारा : परीक्षेत पहिल्यांदा अपयश आलं तर हे लायसन्स चालू राहतं का, आणि देखरेख करणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली तर काय करायचं? उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘इट शुड बी फाइन’ पुढे कोणी मान्य करत नाही. परीक्षेची तारीख लगेच मिळत असेल तर मी म्हणेन, प्रोव्हिजनलच्या भानगडीत पडूच नका. सरळ परीक्षा द्या आणि पक्क्या लायसन्सला अर्ज करा.

हे सगळं नॉर्थ कॅरोलायनाचं झालं. मिस्टरांचा प्रोजेक्ट दुसऱ्या राज्यात गेला तर लायसन्सचे नियम बदलतील. टेक्सासमध्ये ‘प्रोव्हिजनल लायसन्स्ड डाएटिशियन’ हे पदनामच कायद्यानं राखीव आहे. कॅलिफोर्नियात राज्याचं लायसन्सच नाही, तिथं पदनामाला संरक्षण आहे. हा फरक कागदावरचाच आहे असं समजू नका. कॅलिफोर्नियात बिनदिक्कत सल्ला देणारी एक हेल्थ कोच फ्लोरिडात राहायला गेली, तेच काम तिथं चालू ठेवलं, आणि २०१७ मध्ये तिला विनालायसन्स आहारसल्ला दिल्याबद्दल ५०० डॉलर दंड आणि वर चौकशीचा खर्च भरावा लागला. ती कोर्टात गेली. २०२२ मध्ये अपील न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. मधल्या काळात फ्लोरिडानं कायदा थोडा सैल केला खरा, पण दंड भरला गेला होता. आरडीची पात्रता मात्र देशभर एकच असते. म्हणून आधी ती मिळवण्याच्या मागे लागा, लायसन्स त्या त्या राज्यात काढता येतं.

दुसरा एक रस्ता आहे, सर्टिफाइड न्यूट्रिशन स्पेशालिस्ट, म्हणजे सीएनएस. त्यालाही मास्टर्स, देखरेखीखालचे १००० तास आणि परीक्षा लागते, पण एसेंडची अट नाही. तुमच्या राज्यात त्यावरून ‘लायसन्स्ड न्यूट्रिशनिस्ट’ होता येतं. स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल तर जरूर विचार करा. तुम्हाला वॉर्डात काम करायचंय हे पत्रातून जाणवतं, आणि रुग्णालयं आरडीच मागतात. तेव्हा तुमच्यासाठी मी हा रस्ता सुचवणार नाही.

ऑनलाइन डाएट प्लॅनबद्दल : नको. गिऱ्हाईक भारतातलं असलं तरी काम करणाऱ्या तुम्ही अमेरिकेत बसलेल्या आहात, आणि वर्क परमिट नसताना पैसे घेणं व्हिसाच्या अंगाशी येऊ शकतं. मैत्रिणी करतात म्हणून आपणही करू, हे इथं चालत नाही. इमिग्रेशन वकिलाला एकदा फी देऊन विचारा. लायसन्स मिळालं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असंही नाही, या दोन वेगळ्या सरकारी गोष्टी आहेत. इंटर्नशिप एच-४वर करावी की विद्यार्थी व्हिसा घ्यावा, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

राहिला टेस्टिंगचा कोर्स. घरच्यांची काळजी खोटी नाही. दोन-तीन वर्षं पैसे जाणार आणि येणार काही नाही, हे त्यांना दिसतंय. पण टेस्टिंगचा कोर्स केला तरी वर्क परमिट लागणारच आहे, आणि तिथं तुम्ही शून्यापासून सुरुवात कराल. इथं निम्मा रस्ता चालून झालाय. मधल्या काळासाठी दोन थांबे घरच्यांना दाखवता येतील. डीपीडीचं स्टेटमेंट आणि पदवी हातात असेल तर सीडीआरच्याच डाएटेटिक टेक्निशियनच्या परीक्षेला बसता येतं. ती पात्रता लहान आहे, पण रुग्णालयात शिरकाव होतो. आणि काम करायची परवानगी मिळाली की ‘विक’ या माता-बालक पोषण योजनेच्या स्थानिक केंद्रांतल्या जागा पाहा. तिथं काही पदांना पोषणशास्त्राची पदवी चालते, आरडीची अट नसते. जाहिरात काउंटीच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर असते. पद, पात्रता आणि मूल्यमापन अहवाल मागतात का, एवढं तपासून आजच एक-दोन जाहिराती उतरवून ठेवा, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट मागवताना किती प्रती लागतील याचा अंदाज येईल.