'रेशियल मेकअप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत आयोवा राज्यातल्या स्टॉर्म लेक नावाच्या छोट्या शहराची माहिती मराठीत लिहायची आहे, तिथे 'रेशियल अँड एथनिक मेकअप' असा मथळा आहे, तर त्याला 'जातीय रचना' म्हणायचं की 'वांशिक रचना', आणि रेससाठी वांशिक वापरलं तर एथनिकसाठी काय उरतं?

आधी 'जातीय' काढूनच टाका. आपल्याकडे जातीय दंगल म्हटलं की पेपर वाचणाऱ्याला हिंदू-मुसलमान आठवतं, जातीय समीकरण म्हटलं की मराठा-ओबीसी-दलित मतांचं गणित. आयोवातल्या गावाला 'जातीय रचना' लावली तर वाचणारा पहिली ओळ वाचतानाच भलतीकडे जाणार.

उरला 'वंश'. हा शब्द मुळात घराण्याचा. वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश, सूर्यवंश, सगळीकडे अर्थ कुळाचाच, आणि संस्कृतात तर वंश म्हणजे बांबू, पेरापेराने वाढणारा. रेस हा अर्थ त्याला इंग्रजीच्या संगतीने मागाहून चिकटला. तो आता रुळलाय, वंशभेद, वंशद्वेष हे शब्द शाळेच्या पुस्तकात असतात, त्यामुळे तक्रार नाही. पंचाईत वेगळीच आहे. श्रीलंकेतल्या सिंहली-तमिळ झगड्याला आपले पेपर वांशिक संघर्ष म्हणत आले, मणिपूरलाही तेच. सुनीता विल्यम्स 'भारतीय वंशाच्या'. म्हणजे मराठीत 'वांशिक'ने रेस आणि एथनिक दोन्ही कधीच गिळलेत. एरवी काही बिघडत नाही, पण अमेरिकन जनगणनेचा परिच्छेद आला की दोन्ही गोष्टी एकाच ओळीत शेजारी उभ्या राहतात आणि मग लोक 'वांशिक आणि वांशिक रचना' नको म्हणून काहीतरी 'मानववंशीय' वगैरे जोडून देतात, जे वाचून कुणालाच काही कळत नाही.

इथे शब्दकोश उघडण्याआधी तिकडच्या फॉर्मवर नेमकं काय विचारतात ते बघायला पाहिजे. २०२० पर्यंतच्या फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न होते. एक, तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे ढोबळमानाने मेक्सिको वगैरे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांकडच्या मुळाचे, आहात का, हो की नाही. दोन, तुमचा वंश कोणता. १९९७ साली ठरलेल्या सरकारी नियमात मोठे पाच वंश आहेत: श्वेतवर्णीय, कृष्णवर्णीय, तिथले मूळ रहिवासी, आशियाई, आणि हवाई व पॅसिफिक बेटांवरचे. शिवाय फॉर्मवर 'इतर कुठला तरी' असा रकाना. म्हणजे तिकडच्या सरकारी भाषेत एथनिसिटी हा काही सगळ्यांचा समाज, पोटसमाज, बोली सांगणारा शब्द नव्हता, तो फक्त हिस्पॅनिक आहात की नाही एवढंच विचारत होता. हे कळलं की एथनिसिटीला भारदस्त मराठी शब्द शोधायची गरजच संपते. (आपल्याकडे एथनिक म्हणजे कॉलेजातला एथनिक डे, नऊवारी, फेटा आणि नथ. त्याचा इथे काही संबंध नाही.) २०२४ मध्ये नियम बदलून दोन्ही प्रश्न एकत्र केलेत आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना वेगळा रकाना दिलाय, तोवर इराणी, लेबनीज, इजिप्शियन हे सगळे सरकारदरबारी श्वेतवर्णीय. म्हणून 'व्हाइट'चं 'युरोपीय' करू नका. 'गौरवर्णीय' तर नकोच, ते वधू-वर सूचक मंडळाच्या जाहिरातीतलं वाटतं.

आता ते प्रसिद्ध वाक्य, ज्याच्यावर बहुतेक भाषांतरं आपटतात: 'हिस्पॅनिक ऑर लॅटिनो ऑफ एनी रेस'. याचं 'कोणत्याही वंशाचे हिस्पॅनिक' असं केलेलं वाचलं की वाटतं वाट्टेल त्या वंशाचे लोक आणून बसवलेत, आणि कुणी टक्के मोजायला बसलं तर बेरीज शंभरच्या वर जाते, मग खाली कुणीतरी विचारतोच की आकडे चुकलेत का. चुकलेले नसतात, हिस्पॅनिक माणूस वंशाच्या रकान्यात आधीच एकदा मोजलेला असतो. मराठीत सरळ लिहावं, 'वंश कुठलाही सांगितलेला असो, स्वतःला हिस्पॅनिक म्हणवणारे इतके टक्के'. लांब होतं, होऊ द्या.

आणि हे वंश काही दगडावरची रेघ नाहीत. १९२०, ३० आणि ४० च्या अमेरिकन जनगणनेत 'हिंदू' हा चक्क एक वंश होता, आणि कॅलिफोर्नियात युबा सिटीच्या आसपास शेती करणारे पंजाबी शीख, मुसलमान सगळे त्याच रकान्यात. १९३० मध्ये 'मेक्सिकन' हा वंश झाला, १९४० मध्ये परत गेला. त्या काळी आशियातून आलेल्या माणसाला गोरा ठरल्याशिवाय अमेरिकन नागरिकत्व मिळत नसे. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० साली न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने श्वेतवर्णीय धरून नागरिकत्व कायम ठेवलं, आणि १९२३ मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद या पंजाबी शिखाला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शास्त्राप्रमाणे तुम्ही कॉकेशियन, म्हणजे गोऱ्यांच्याच वंशातले, असाल हो, पण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. १९७० मध्ये भारतीयांची मोजदाद गोऱ्यांत, १९८० पासून 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना. म्हणून मी मराठीत 'इतके लोक अमुक वंशाचे आहेत' यापेक्षा 'इतक्यांनी वंश अमुक नोंदवला' असं लिहितो. आता तिथे माणूस स्वतःच खूण करतो, १९५० पर्यंत दारावर आलेला मोजणीदार तोंडाकडे बघून ठरवायचा.

मग मथळा काय द्यायचा? 'रचना', 'घडण', 'संरचना' हे सगळे 'मेकअप'ला चिकटून केलेले शब्द वाटतात मला. आपल्याकडे यासाठी तयार सोय आहे, 'निहाय'. जिल्हानिहाय पाऊस, जातनिहाय जनगणना, धर्मनिहाय आकडेवारी हे रोजच्या पेपरात असतं, तर 'वंशनिहाय लोकसंख्या' का नको? तक्त्याच्या डोक्यावर हेच बसतं. आणि तक्ता नसून सांगायचं असेल तर 'वस्ती'. गावात वस्ती कुणाकुणाची, हे आपण पिढ्यानपिढ्या विचारत आलोय, कोष्ट्यांची किती, तांबोळ्यांची किती घरं. वस्ती शब्दात माणसं कुठून आली, कशाला आली हेही सांगता येतं, टक्क्यांत ते येत नाही.

स्टॉर्म लेकचंच बघा. ही एके काळी बटाट्याच्या भाजीइतकी साधी आयोवातली गोऱ्या शेतकऱ्यांची वस्ती. १९७५ मध्ये आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी आग्नेय आशियातल्या ताई दाम निर्वासितांना राज्यात थारा दिला, १९८२ मध्ये शहरात मोठा डुकराच्या मांसाचा कारखाना सुरू झाला आणि त्या कामावर आधी लाओसकडची कुटुंबं, मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली माणसं येत गेली. २०१० मध्ये लोकसंख्या १०,६०० आणि त्यात हिस्पॅनिक एक तृतीयांशाहून जास्त. गंमत म्हणजे 'ताई दाम' मधला दाम म्हणजे काळा, बायकांच्या काळ्या पोशाखावरून नाव पडलं असं सांगतात, पण जनगणनेत हे लोक आशियाई. तेव्हा त्यांना 'काळे ताई' असं भाषांतरून ठेवू नका, शिवाय मराठीत ते काळे आडनावाच्या कुणा ताईंना हाक मारल्यासारखं होईल.

किरकोळ बाकीचं. 'निग्रो' जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास आहे, आता नको, तिकडच्या जनगणना खात्यानेही २०१३ मध्ये तो शब्द काढायचं जाहीर केलं. 'रेड इंडियन' नको. 'मूलनिवासी' चालला असता पण महाराष्ट्रात त्याला स्वतःचा राजकीय अर्थ आहे, म्हणून 'नेटिव्ह अमेरिकन' असंच ठेवावं. आणि 'टू ऑर मोअर रेसेस'ला संकरित, मिश्रवंशीय असलं काही नको, संकरित गाय असते, ज्वारी असते. 'एकाहून अधिक वंश नोंदवणारे' पुरे. मात्र हा आकडा देताना वर्ष लिहाच. २००० पासून एकाहून जास्त खुणा करता येतात, पण २०२० मध्ये उत्तरं नोंदवायची पद्धतच बदलली आणि देशभरातले असे लोक २०१० च्या २.९ टक्क्यांवरून एकदम १०.२ वर गेले. शेजारी शेजारी दोन्ही आकडे ठेवून 'दहा वर्षांत वस्ती बदलली' असं वाक्य लिहायचा मोह होतो, आणि स्टॉर्म लेकसारख्या ठिकाणी तर ते खरंही वाटतं, पण त्यात बदललेली वस्ती किती आणि बदललेली मोजणी किती हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही.