कथेचे कपाट आणि माहितीचे कपाट

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. ग्रंथालयाच्या बालविभागाची जबाबदारी तुझ्याकडे आल्याचे पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना कोणती पुस्तके सुचवावीत याची यादी तू मागितली आहेस. यादी पाठवणे अवघड नाही. परंतु कोणत्या मुलाच्या हातात कोणते पुस्तक का द्यायचे, हे नुसत्या नावांवरून तुला कळणार नाही. म्हणून जी पुस्तके मला भरवशाची वाटतात त्यांच्याविषयी, आणि ती देताना माझे जे चुकले त्याविषयीही, सविस्तर लिहिते.

तुझ्याकडे बहुधा दोन कपाटे असतील, एक गोष्टींचे आणि दुसरे माहितीपर पुस्तकांचे. मांडणीची ती सोय आहे आणि तिला माझा आक्षेप नाही. मात्र ही विभागणी हळूहळू आपल्या मनातही शिरते आणि मग गोष्ट आनंदासाठी व माहिती अभ्यासासाठी, असे आपण नकळत मुलांनाही शिकवू लागतो. मी हेच अनेक वर्षे केले. माझ्याकडे बारा वर्षांचा एक मुलगा नियमाने येत असे. यंत्रांच्या आत काय असते ते उलगडून दाखवणारी पुस्तके त्याला हवी असत. हे काही खरे वाचन नव्हे अशी माझी समजूत असल्यामुळे, त्याच्या हातातले पुस्तक बाजूला ठेवून मी दर वेळी त्याला एखादी कादंबरी देत असे. तो ती नम्रपणे घेई, न वाचता परत आणी, आणि काही महिन्यांनी त्याचे येणेच थांबले. कादंबऱ्या उत्तम होत्या. त्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे हे मी एकदाही विचारले नव्हते. त्या मुलाची आठवण आजही मला अस्वस्थ करते.

त्याला मी काय द्यायला हवे होते, याचा पुढे पुष्कळ विचार केला आणि माझे उत्तर एकोणिसाव्या शतकातले इंग्रज वैज्ञानिक मायकेल फॅरडे यांच्यापाशी येऊन थांबले. १८६०-६१ च्या नाताळाच्या सुटीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली आणि १८६१ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सहाही व्याख्यानांचा विषय एकच, जळणारी मेणबत्ती. वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते, ज्योतीच्या मध्यभागी काळसर भाग का दिसतो, ज्योतीवर धरलेल्या थंड भांड्यावर पाणी कोठून येते, असे विचारत विचारत फॅरडे मुलांना अखेरीस मेणबत्तीच्या जळण्यात आणि आपल्या श्वासोच्छ्वासात काय साम्य आहे इथवर आणून सोडतात. चांगल्या रहस्यकथेत एका पुराव्यातून दुसऱ्याची वाट निघावी तशी त्या व्याख्यानांची रचना आहे, आणि तरीही त्यात कल्पित असे काही नाही. ज्याला यंत्राच्या आत डोकावायचे असते, त्या मुलाला हवा असलेला थरार नेमका हा आहे. मूळ इंग्रजी जुन्या वळणाचे असल्यामुळे लहान मुलांना ते तसेच देऊ नकोस. आधी तू वाच आणि आपल्या भाषेत त्यांना सांग.

फॅरडे यांची स्वतःची कहाणीही मुलांना अवश्य ऐकव. वयाच्या चौदाव्या वर्षी ते एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीसाठी राहिले, सात वर्षे तेथे काम केले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचत गेले. त्यांत जेन मार्सेट यांचे, एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादांतून रसायनशास्त्र समजावणारे पुस्तक होते आणि त्याचे ऋण फॅरडे यांनी पुढे आयुष्यभर मानले. शास्त्र सांगण्यासाठी मार्सेट यांनी पात्रे आणि संभाषण यांचा आधार घेतला होता. असे पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचे, हा प्रश्न तुलाही पडेल.

मराठीत असाच प्रश्न जयंत नारळीकर उभा करतात. एकीकडे 'यक्षांची देणगी'सारखा विज्ञानकथांचा संग्रह आणि दुसरीकडे 'आकाशाशी जडले नाते'सारखे खगोलशास्त्राचे पुस्तक, दोन्ही एकाच लेखणीतून उतरली आहेत. कृष्णविवराविषयीची आपली कथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले हे टोपणनाव मुलांना फार आवडते. ते सांगितले की संग्रह हातोहात जातो. मग कथा वाचून आलेले मूल 'हे खरेच होऊ शकते का?' असे विचारते, आणि त्या क्षणी तुझ्या हाताशी दुसरे पुस्तक तयार असले पाहिजे. पुस्तके जोडीने सुचवावीत असे मी म्हणते, ते यासाठीच. जोडी लावताना कथा आधी आणि माहिती नंतर असा क्रम ठरवून टाकू नकोस. ताऱ्यांच्या नकाशापासून सुरुवात करून कथेकडे आलेली मुलेही मी पाहिली आहेत.

आठ ते अकरा या वयाविषयी फार लिहीत नाही, कारण तेथे वाट बरीच मळलेली आहे. विंदा करंदीकरांच्या बालकविता, ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' ही नावे तुला ठाऊक आहेतच. भागवतांनीच साहसी विज्ञानकथा लिहिणारा फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, हे मात्र सांगायला विसरू नकोस. फेण्याच्या मागे धावणारे मूल तेथून सहज समुद्राच्या तळाशी आणि चंद्रावर पोहोचते.

याच वयासाठी एका पुस्तकापाशी मात्र मला थांबायचे आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' १९८१ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाले आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठीत आपलेसे झाले. पहिल्याच इयत्तेत शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी, रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी दुसरी शाळा आणि पहिल्या भेटीत त्या मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक, हे सारे कादंबरीसारखे वाटत असले तरी प्रत्यक्षात घडलेले आहे. ती शाळा १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळून गेली. मुले विचारतात, 'म्हणजे ही गोष्ट नाही?' त्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नकोस. खरी माणसे, खरी शाळा आणि तरीही लेखिकेने निवडून, जुळवून सांगितलेले प्रसंग, असे हे लेखन आहे, हे मुलांना समजू शकते. तू स्वतः त्या मुख्याध्यापकांचे प्रकरण पुन्हा वाच. पुस्तक सुचवण्याआधी मुलाचे किती ऐकावे याचा तेवढा स्पष्ट धडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

'श्यामची आई'विषयी एक विनंती आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. इतक्या वर्षांत ते इतक्या मुलांना उपदेश म्हणून दिले गेले आहे की काही मुले त्याच्या नावानेच मागे सरतात. तू ते संस्कारांचे पुस्तक म्हणून देऊ नकोस. तुरुंगात बसलेला एक माणूस आपल्या गेलेल्या आईला आठवतो आहे, एवढेच सांग आणि पुस्तक पुढे कर.

तेरा वर्षांनंतरचा वाचक वेगळा असतो. आपल्याशी कोणी खरे बोलत आहे की आपल्याला शिकवू पाहत आहे, हे त्याला पहिल्या दहा पानांत कळते. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या अॅन फ्रँक या ज्यू मुलीची रोजनिशी या वयाला इतकी भिडते याचे कारण तेच असावे. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी तिला ती वही मिळाली आणि शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. बहुतेक जण त्या नोंदींतले दुःख सांगून थांबतात. तू आणखी एक गोष्ट सांग. युद्धकाळातल्या रोजनिशा जपून ठेवण्याचे आवाहन १९४४ मध्ये रेडिओवर ऐकल्यानंतर अॅनने आपल्या नोंदी पुन्हा लिहायला घेतल्या, कारण तिला त्यांचे पुस्तक करायचे होते. ती केवळ काळाच्या तडाख्यात सापडलेली मुलगी नव्हती. आपल्या वाक्यांवर मेहनत घेणारी लेखिका होती. हे कळल्यावर वहीत काहीबाही लिहून लपवून ठेवणारी मुले तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' तू नववी-दहावीच्या मुलांना देशील तेव्हा कदाचित एखादे पालक तक्रार घेऊन येतील, कारण त्या कादंबरीत नववीतल्या मुलाचे प्रेमात पडणे आहे आणि मुलांची आपापसातली भाषाही आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पुस्तक मागेही घेऊ नकोस. त्यांना ते वाचायला दे. आणीबाणीचा काळ मुलांच्या नजरेतून त्या पानांमध्ये कसा आला आहे हे मुलांना दाखव, आणि ज्याला त्या काळाविषयी अधिक जाणून घ्यावेसे वाटेल त्याच्यासाठी इतिहासाचे एक पुस्तक जवळ ठेव. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' याच वयाला द्यावी. नव्या गावात एकटाच आलेला तरुण शिक्षक आणि त्याच्याभोवतीचे धनगर यांची ती कादंबरी आकाराने लहान आहे, पण मोठ्यांनाही पुरून उरते. तिच्या जोडीला मी वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' देत असे. गुलामगिरीत जन्मलेला, शिकण्यासाठी वणवण फिरलेला आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीला पुन्हा सुपीक करण्याचे मार्ग शेतकऱ्यांना शिकवणारा अमेरिकेतला कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मुलांना परका वाटत नाही. दोन्ही पुस्तकांत माणसे जमिनीवर आणि पावसावर अवलंबून आहेत, हे मला एका मुलीने सांगितले. मी त्यांची जोडी केवळ शिक्षकांमुळे लावली होती.

माहितीपर पुस्तके विकत घेताना एक दक्षता घे. कथा जुनी झाली तरी बिघडत नाही, माहिती बिघडते. प्लूटोला २००६ पर्यंत ग्रह मानत असत, आणि पिसे असलेल्या डायनोसॉरचा जीवाश्म १९९६ मध्ये चीनमध्ये प्रकाशात आला. त्याआधीच्या पुस्तकांतली चित्रे आज अपुरी आहेत. असे जुने पुस्तक सरसकट काढून टाकावे असे माझे मत नाही. नवे पुस्तक त्याच्या शेजारी ठेव आणि दोहोंतला फरक शोधायला सांग, कारण आपल्याला हे कसे कळले आणि पूर्वीचे का बदलले, ही विज्ञानातली सर्वांत रंगतदार गोष्ट असते. जे पुस्तक केवळ निष्कर्ष सांगते आणि ते कसे मिळाले याबद्दल मौन बाळगते, ते कितीही देखणे असले तरी मी घेत नाही.

पहिल्या आठवड्यात मोठा कार्यक्रम करू नकोस. दहा-बारा मुलांना बोलाव, एक मेणबत्ती पेटव, ती फुंकून विझव आणि वर जाणाऱ्या धुरात, वातीपासून दोन-तीन इंच उंचीवर, जळती काडी तू स्वतः धर. ज्योत धुरातून खाली उतरेल आणि वात पुन्हा पेटेल. हा प्रयोग फॅरडे यांनी पहिल्याच व्याख्यानात केला होता. त्यानंतर दोन्ही कपाटांतली निवडक पुस्तके एकाच टेबलावर मांड आणि मुले काय विचारतात ते वहीत, त्यांच्याच शब्दांत उतरवून मला पाठव. पुढच्या पुस्तकांची नावे मी त्या प्रश्नांवरूनच कळवीन.

तुझी हितचिंतक