कोल्हापुरातल्या मधुमेहींसाठी आयुष्यभराचं सिम्युलेशन मॉडेल (संगणकावर आभासी रुग्णांचं आयुष्य पुढे नेऊन पाहणारं) चालवतोय. दर रनला उत्तर वेगळं येतं, काय करू?

इनपुट तेच असूनही आकडा हलत असेल तर तो निव्वळ योगायोगाचा भाग. आभासी रुग्ण हजारावरून लाखावर न्या. रुग्ण शंभरपट केले की हा हेलकावा साधारण दहापट कमी होतो.

खरी अनिश्चितता इनपुटमध्येच असते. संभाव्यतेला बीटा वितरण द्या (ते ० ते १ मध्येच राहतं), खर्चाला गॅमा (ते शून्याखाली जात नाही), आणि त्यातून इनपुटचे हजारेक संच उचलून प्रत्येकावर मॉडेल पुन्हा चालवा. एकाच समीकरणातले सहगुणक (प्रत्येक घटकाला गुणणारे आकडे) मात्र सुटेसुटे उचलू नका, त्यांचा सहसंबंध मोडतो. ही चूक सर्रास दिसते.

यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासाची समीकरणं घेतली असतील तर जपून. त्या अभ्यासात ५,१०२ रुग्ण होते, सगळे ब्रिटनमधले. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या रुग्णाला ती लागू पडतात का, हे कितीही रन काढले तरी कळायचं नाही. त्याला इथलाच डेटा हवा.