मक्तेदारी, एकाधिकार की एकस्वाम्य?

निपाणीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय : वक्तृत्व स्पर्धेला विषय आहे, ‘मक्तेदारीविरोधी कायदे कडक केले तर ते डाव्यांना आणि खुल्या बाजारवाल्यांनाही पटतील का?’ कन्नड पेपरात ‘एकस्वाम्य’ वाचते, हिंदी बातम्यांत ‘एकाधिकार’ ऐकते. मराठीत कोणता शब्द घेऊ? आणि मक्ता तर सरकार देतं, मग खासगी कंपनी मक्तेदार कशी?

‘मक्तेदारी’च घे. ‘एकस्वाम्य’ कन्नडात चपखल आहे, पण मराठीत ‘एकस्व’ म्हणजे पेटंट, ऐकणारा भलतीकडे जाईल. ‘एकाधिकार’ आपल्याकडे सरकारी हक्काला चिकटलाय. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा शेतकऱ्याला कापूस योजनेतच घालावा लागे.

आता मक्ता. शब्द अरबीतला, फारसीमार्गे आलेला. ठरलेली रक्कम भरायची आणि वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क घ्यायचा. आपल्या सीमाभागात त्याचा भाऊबंद म्हणजे ‘गुत्ता’, कन्नड ‘गुत्तिगे’च्या घरातला. दारूचा गुत्ता म्हणतो तो हाच. म्हणजे तुझी शंका खरी, मक्ता मुळात वरूनच मिळायचा. पण ‘शहाणपण ही काही तुमची मक्तेदारी नाही’ असं म्हणताना सरकारनं दिलेला मक्ता कुणाला आठवतो? दिलेला हक्क आणि बळकावलेला हक्क, दोन्ही या एका शब्दात मावतात, आणि म्हणूनच मला तो फार मोलाचा वाटतो. अ‍ॅडम स्मिथनं १७७६ साली ईस्ट इंडिया कंपनीवर टीका केली ती सनदेनं मिळालेल्या मक्त्यासाठी. डाव्यांचा राग भांडवलाच्या जोरावर बळकावलेल्या मक्त्यावर असतो.

निपाणीचंच उदाहरण दे. ‘मोनोपॉली’ या ग्रीक शब्दात एकटा विकणारा आहे. तंबाखू पिकवणाऱ्याची अडचण उलटी : घेणारे मोजके, भाव वखारीत ठरणार. मराठीत यालाही बिनदिक्कत ‘खरेदीची मक्तेदारी’ म्हणता येतं. निपाणीच्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनाचं नेतृत्व केलं शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी, आणि ते तर खुल्या बाजाराचे खंदे पुरस्कर्ते! त्याच तंबाखूवर विड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीचा प्रश्न डावीकडून मांडला जातो. दोघांचं बोट मोजक्या हातांत एकवटलेल्या ताकदीकडेच आहे, म्हणून माझं उत्तर ‘हो, पटू शकतील’ असं आहे.

मात्र ‘कडक’ म्हणजे काय, ते आधी सांग. १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा आकार मोजायचा : २० कोटींची मालमत्ता झाली की विस्ताराला सरकारची परवानगी. बाजारवाल्यांना तो परवाना राजच, म्हणजे पावलोपावली सरकारी परवाना मागणारा कारभारच, वाटला. २००२ चा स्पर्धा कायदा मोठं होण्याला गुन्हा मानत नाही, ‘वर्चस्वाचा गैरवापर’ रोखतो. एकमत जुळलं तर या दुसऱ्या वाटेवर जुळेल. तेव्हा भाषणात ‘मोठी कंपनी’ आणि ‘मक्तेदार’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नकोस.