खोक्यावरचे 30 ग्रॅम अन् वाटीतले 70

ताई, दोन लेकरं, सकाळी 7 ची गाडी, चॉकलेटच्या फ्लेक्सशिवाय दुसरं काही खात नाहीत आणि तालुक्याच्या दुकानात तीनच प्रकार मिळतात, त्यातलं बरं कोणतं, हे तुम्ही विचारलंय. वाचताना चार वर्षांपूर्वीचं माझंच घर डोळ्यांसमोर आलं.

साखर वाईट, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी फसले ती जागा वेगळी.

मोठीचं हिमोग्लोबिन कमी निघालं, तेव्हा आहाराच्या सल्ल्यासाठी एका कार्यालयात पाठवलं. तिथं छापील तक्ता हातात दिला: नाश्त्याला कॉर्नफ्लेक्स, ओट्स, सफरचंद. मी म्हटलं, घरी ज्वारी आहे, चणे आहेत, त्याचं काही सांगा. मान वर न करता उत्तर आलं, "तक्त्यात आहे तेच द्या." ऐन कापूस वेचणीत दोन चकरा झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. आजही आठवलं की संताप येतो. ज्या गावात सफरचंद आठवडी बाजारालाच दिसतं, तिथल्या आईला असला कागद देऊन काय उपयोग?

मग 'लोहयुक्त' लिहिलेलं खोकं आणलं. मागे पाहिलं तर साखर 9 ग्रॅम. बरं वाटलं. आठ महिने तेच दिलं. एकदा किराणावाल्याच्या काट्यावर पोरीची रोजची वाटी भरून मोजली तर 70 ग्रॅम! ते 9 ग्रॅम होते 30 ग्रॅम फ्लेक्सचे. म्हणजे वाटीत 21 ग्रॅम साखर. चहाचा चमचा साधारण 4 ग्रॅमचा, तसे पाच चमचे ताटलीत काढून यांच्यापुढे ठेवले. बराच वेळ कोणी बोललंच नाही. सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "काहून देतं ते खोक्यातलं?" त्यांचं ऐकायला हवं होतं.

म्हणून 100 ग्रॅमचाच रकाना वाचा. ब्रिटनमध्ये 100 ग्रॅमला साखर 22.5 ग्रॅमच्या वर गेली की पाकिटावर लाल रंग, 5 किंवा त्याखाली असली की हिरवा, अशी पद्धत आहे. मी स्वतः 10 च्या वर घेत नाही. तंतू, म्हणजे फायबर, 6 ग्रॅम तरी हवेत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, साखर दुसऱ्या नंबरावर दिसली की खोकं परत ठेवा. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही त्याच घरातली. 'मल्टिग्रेन'ला भुलू नका, यादीत ज्वारी-नाचणीपुढे किती टक्के लिहिलंय ते बघा. मसाला ओट्समध्ये मीठ फार, साधे ओट्स चालतील. आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीला पौष्टिक समजू नका. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारनंच ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं सांगितलं.

पण खरं विचाराल तर खोक्याची गरजच नाही, हे माझं ठाम मत. आपला सातू काय कमी आहे? गहू ओलवून, सडून, वाळवून भाजायचे, किलोला अर्धा किलो फुटाण्याची डाळ, थोडं जिरं, दळून आणायचं. दुधात कालवायला दोन मिनिटं. गूळ बेतानंच घाला, गूळही साखरच. ज्वारीच्या लाह्या दुधात घातल्या तर फ्लेक्सची सवय असलेली लेकरंही खातात.

मी डॉक्टर नाही. रक्त कमी असेल तर गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच द्या, सातूच्या भरवशावर राहू नका. पोह्यांवर लिंबू पिळा आणि लगेच चहा देऊ नका, चहानं अन्नातलं लोह नीट लागत नाही.

फ्लेक्स एकदम बंद करू नका. मी केलं, धाकटा दोन दिवस उपाशी शाळेत गेला. मग पहिला आठवडा तीन भाग फ्लेक्स, एक भाग लाह्या असं सुरू केलं, दर आठवड्याला लाह्या वाढवत गेले. दीड महिन्यात खोकं आपोआप सुटलं. लाह्या मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात सादळल्या की लेकरं तोंड लावत नाहीत.