उकळबिंदू 100 लिहू नकोस

अगं, प्रयोगाचा रिपोर्ट कसा लिहायचा विचारतेस ना? निरीक्षणं प्रयोग चालू असतानाच पेनानं लिही, घरी जाऊन आठवून नव्हे. उकळबिंदूचंच घे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी इथं 97-98 अंशालाच उकळतं. मी पहिल्या वर्षी 97.5 खोडून पुस्तकातलं 100 लिहिलं, त्याची रुखरुख अजून आहे. तू दिसलं तेच लिही, सोबत थर्मामीटरचा लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) दे, आणि फरक का आला ते चर्चेत नीट मांड. रिपोर्टचा जीव तिथंच असतो बघ. उद्दिष्ट, साहित्य दोन ओळींत उरक. कृती भूतकाळात. मराठी माध्यमातून आलीस, इंग्रजी अडतंय? आधी मराठीत मांड, मग इंग्रजी कर.